बिंदू वर की खाली

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी वहिनी कढीपत्ता न्यायला कंपाउंडच्या भिंतीपाशी आल्या, पण कढीपत्त्याला हातही न लावता म्हणाल्या, "ताई, मी टॅब घेतेय."

आदल्या रात्री काय झालं ते मी याचि डोळा पाहिलं होतं. गच्चीत आमचं भजनी मंडळ, वहिनी पेटीवर. चांदणं कितीही टिपूर असो, बॉलपेननं लिहिलेलं नोटेशन काही त्यात दिसत नाही. म्हणून एकीनं मोबाइलचा टॉर्च धरला. वारा सुटला, वहीचं पान उलटलं. ते धरायला वहिनींनी भात्यावरचा हात काढला तशी पेटीनं मान टाकली आणि टॉर्चवालीच्या कोपरानं मसाला दुधाचा पेला थेट मालकंसावर आडवा झाला. बरं, हे घडलं तेही अंतऱ्यातल्या त्या तार पंचमाच्या उडीपाशी. त्या जागी निम्म्या मंडळाला नेमका तेव्हाच खोकला येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या रात्री मात्र दुधानं सगळ्यांचीच सुटका केली.

"घ्या की," मी म्हटलं. "पण कोणता?"

"तिथेच तर घोडं अडलंय. आमच्या चिरंजीवांचं पुण्याहून फर्मान आलंय. घ्यायचा तर तेरा इंचीच घे, लहान स्क्रीनवर नोटेशन वाचता येत नाही. अहो, चांगला तेरा इंची लाखाच्या घरात जातो म्हणे! तेवढ्यात मी दोन पेट्या घेईन."

माझा या विषयात अभ्यास झालाय, तो आमच्या नातीपायी. ती पियानो शिकते. तिचं नोटेशन पाच रेघांचं आणि छापलेलं ए-फोर कागदावर. ए-फोरचा एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण मोजला तर चौदा इंचांच्या वर भरतो. म्हणजे तिला तेरा इंची स्क्रीनही किंचित अपुराच. चिरंजीव खोटं बोलत नव्हते, फक्त दुसऱ्याच संगीताबद्दल बोलत होते.

"तुमचं पुस्तक आणा बघू," मी म्हटलं आणि शिवणाची टेप घेऊन आले. वहिनींनी मध्यमाच्या परीक्षेच्या वेळचं पुस्तक भिंतीवर ठेवलं. रुंदी साडेपाच इंच, उंची साडेआठ. कर्ण जेमतेम दहा.

"म्हणजे दहा-अकरा इंची टॅबमध्ये पान जसंच्या तसं मावतं?"

"मावतं. शिवाय आपली बंदिश असते केवढी? स्थायी-अंतरा मिळून आठ-दहा ओळी. पान उलटायची भानगडच नाही. त्या पियानोवाल्यांची मात्र दर मिनिटाला एक पान उलटायची धांदल."

"ते कसं करतात हो? दोन्ही हात तर गुंतलेले."

"पायानं. ब्लूटूथचं पेडल मिळतं, ते दाबलं की पान पुढे सरकतं. मोठमोठे ऑर्केस्ट्रासुद्धा स्क्रीनवर आलेत. ब्रसेल्स फिलहार्मोनिकनं तर २०१२ सालीच सॅमसंगचे टॅब स्टँडवर लावून वाजवून दाखवलं होतं."

वहिनींनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "आणि मी? मी मांडी घालून बसते. पेडल काय गुडघ्यानं दाबू?"

तेवढ्यासाठीही एक सोय आहे, हे मी त्यांना सांगायला नको होतं. आयपॅडवर 'फोरस्कोर' म्हणून एक अ‍ॅप आहे. कॅमेऱ्यासमोर मान वळवली किंवा ओठ एका बाजूला मुरडले की ते पान उलटतं. (अँड्रॉइडवाल्यांसाठी 'मोबाइलशीट्स' आहे, ते जास्त सरळमार्गी.)

"मान वळवली की?" वहिनींचा आवाज वरच्या सप्तकात गेला. "आणि कुणी सुंदर जागा घेतली, मी मान डोलावली, की मालकंसाचं पान जाऊन भैरवी पुढे? छे! मी जन्मात कुणाला दाद द्यायची नाही की काय?"

तेव्हा पेडलही नको आणि मानही नको. जे दोन-तीन अभंग लांबलचक आहेत त्यांच्यासाठी बोटानं टिचकी मारायची, भात्याचा हात क्षणभर मोकळा असतोच. ई-इंकचाही विषय निघाला, तो कागदासारखा दिसणारा स्क्रीन. उन्हात तो झकास दिसतो, पण मोठा घ्यायचा तर महाग, आणि गच्चीवरच्या अंधारात पुढून दिवा असलेलाच हवा. वहिनी उन्हात गातात कधी? इथे नाशकात पिंपळपारावर पाडवा पहाट ऐकायला जातो आपण, तिथेही पेटीवर त्या नसतात. तो विषय तिथेच मिटला.

खरी मेख निराळीच आहे, आणि ती दुकानात कुणी विचारत नाही. एमजी रोडवर जा, दुकानातला मुलगा विचारणार कॅमेरा किती हवा, रॅम किती, गेम खेळणार का. आपलं नोटेशन उभं आहे ठिपक्यांवर आणि रेघांवर. भातखंडे पद्धतीत अक्षराखाली आडवी रेघ आली की स्वर कोमल, म वर उभी रेघ आली की तीव्र. बिंदू खाली असला तर मंद्र, वर असला तर तार. वरचा एक ठिपका पुसट झाला तर स्वर अख्खं सप्तक खाली येतो. पाच रेघांच्या कागदावर टपोरे काळे गोळे असतात, ते कुठल्याही स्क्रीनवर दिसतील. आपल्याला अक्षरं रेखीव दाखवणारा स्क्रीन लागतो. फुल एचडीच्या खाली जायचं नाही आणि काचेवर चकाकी घालवणारा मॅट गार्ड लावायचा, एवढं पाहिलं तरी पुष्कळ.

"पण ताई, माझी वही म्हणजे गंमत आहे," वहिनी जरा खाजगीत सांगावं तशा म्हणाल्या. "पहिले गुरुजी पलुस्कर पद्धतीनं लिहायचे, दुसऱ्या बाई भातखंडे. पलुस्करांकडे वर बिंदू म्हणजे मंद्र, तारेला उभी रेघ! त्यामुळे वहीच्या पहिल्या निम्म्या भागात वरचा बिंदू म्हणजे खाली उतरायचं, आणि पुढच्या निम्म्यात वरचा बिंदू म्हणजे वर चढायचं."

"आणि तुम्हाला ते लक्षात राहतं?"

"शाईच्या रंगावरून."

मला पलुस्करांची, म्हणजे विष्णू दिगंबरांची आठवण झाली. नाशिककरांना ती व्हायलाच हवी, कारण लाहोर-मुंबई करून बुवा शेवटी आपल्याच गावात आले, रामनाम आधाराश्रम काढून राहिले. १८७२ साली कुरुंदवाडला जन्म, लहानपणी फटाका उडून डोळे अधू झाले, म्हणून शिक्षण सुटलं आणि मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणं सुरू झालं. ज्याला बारीक अक्षर वाचताना त्रास, त्याच माणसानं १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून पोरांना लिहिलेलं गाणं वाचायला शिकवलं. तिकडे भातखंड्यांनी वकिली सोडून गावोगावच्या उस्तादांकडून बंदिशी गोळा करून छापल्या. ते १९३६ मध्ये गेले, म्हणजे साठ वर्षांचा कॉपीराइट केव्हाच संपला. त्यांचे जुने ग्रंथ स्कॅन केलेले मिळतात, टॅबमध्ये खुशाल घाला.

"छापील पुस्तकाचं ठीक आहे. वहीचं?"

"फोटो काढायचे. पण स्कॅनिंगच्या अ‍ॅपमध्ये ब्लॅक अँड व्हाइट करायचं नाही, रंगीत ठेवायचं. तुमची वही रेघी आहे ना? काळं-पांढरं केलं की कधीकधी वहीच्या छापील रेघा ठळक होतात, आणि मग प्रत्येक स्वराखाली रेघ."

वहिनी क्षणभर गप्प. मग खो-खो हसत सुटल्या. "म्हणजे सगळ्या वहीची भैरवी!"

"आणि एक, पीडीएफच करायचं. टाइप करून कुणाला पाठवायच्या भानगडीत पडू नका. तार सप्तकातला 'रे' टाइप केला की 'रें' होतो, आणि समोरची बाई नाकात गाते."

बाकी किरकोळ. स्क्रीन तीस सेकंदांनी झोपतो, ती वेळ वाढवायची. गाताना विमान मोड, नाहीतर ऐन आरतीत गॅसवाल्याचा फोन. एवढ्या सगळ्याला अकरा इंची साधा टॅब पुरतो, पंधरा-वीस हजारांत भागतं. उरलेल्या पैशांत पेटीचा भाता दुरुस्त करा, असं मी म्हटलं ते त्यांना फारसं रुचलं नाही.

"आधी तुमच्याच मोबाइलवर एक पान काढून दाखवा," त्या म्हणाल्या आणि दूध लागून फुगलेली वही घेऊन आल्या. मालकंसाचं पान उन्हात धरलं. मी फोटो काढला, दोन बोटांनी मोठा केला. बाईंची निळी शाई, सुबक अक्षर, ग-ध-नि खाली रेघा. अंतऱ्यापाशी आले आणि थांबले.

"वहिनी, मालकंसाला पंचम असतो?"

"नसतो. पण बाईंनी लिहिलाय ना! ती खास जागा आहे. तार पंचम."

"हे 'प' नाही. 'म' आहे, त्याची डावीकडची गाठ पुसलीय. आणि बिंदू बघा. बाकीचे सगळे निळे आहेत."

वहिनींनी चष्मा चढवून मोबाइल नाकाशी नेला. बिंदू तपकिरी होता आणि त्याच्या भोवती फिकट पिवळं वलय. हळदीचं.

"बावीस वर्षं," त्या पुटपुटल्या. मग वही मिटली, कढीपत्त्याची एक डहाळी ओरबाडून तोडली आणि निघाल्या. दारापाशी पोचल्यावर मागे वळून म्हणाल्या, "मंडळात बोलू नका हं."

भिंतीपलीकडून धुणं वाळत घालणाऱ्या टॉर्चवालीनं खाकरून घसा साफ केला.