थांबलेल्या गाडीची चुळबूळ

गाडी कशी चालवावी यावर आपल्याकडे रोज भांडणे होतात, पण ती उभी कशी करावी यावर कधी कुणी कुणाची कॉलर धरल्याचे ऐकिवात नाही. चाकामागे दगड सरकवला, दोन पावले मागे येऊन एकदा पाहिले, की गाडी उभी राहिली. या सर्वमान्य शास्त्राला पहिला हादरा बसला तो फिरत्या घरांमुळे. २०२१ साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि पलंग, ओटा, संडास घेऊन फिरणारी वाहने सरकारी भाषेत रुजू झाली. समजा असे एखादे घर भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी मुक्कामाला लागले. समोर धरण, मागे कळसूबाईची रांग, जागा अशी की कोणीही हेवा करावा. पहाटे घरातले कोणीतरी चहा टाकायला पलंगावरून ओट्यापर्यंत चार पावले जाते. पहिल्या पावलाला चमचा वाजतो, दुसऱ्याला कपाटाचे दार उघडते, तिसऱ्याला झोपलेल्यांपैकी एक जण ‘आलं का राजूर?’ म्हणून उठून बसतो. बाहेरच्याला ती गाडी उभी दिसते. आतल्यांच्या लेखी ती अजून कोल्हार-घोटी रस्त्यावरच असते. माझे म्हणणे एवढेच, की गाडी थांबणे वेगळे आणि गाडी स्थिर होणे वेगळे. पहिले काम ब्रेक करतो. दुसरे माणसाला करावे लागते, आणि बहुतेक जण ते उलट्या टोकाकडून करतात.

मुळात ही चुळबूळ येते कुठून? ती गाडीच्या चांगुलपणातून येते. चाकांवर पाटे असतात, चाकांत हवा असते आणि दोन्ही मिळून रस्त्यावरचे खड्डे स्वतः गिळतात. चालताना ज्या गुणासाठी आपण पैसे मोजतो, तोच गुण मुक्कामी अवगुण होतो. पाट्यांना काय ठाऊक की आता संगमनेर मागे पडले आणि मालक झोपले आहेत? वरून धक्का आला की दबायचे आणि सोडला की उसळायचे, एवढेच त्यांना शिकवलेले. त्यात योगायोग असा की माणूस साध्या चालीने सेकंदाला दोनेक पावले टाकतो आणि पाट्यांवर बसलेले असे वाहनही साधारण त्याच्याच आसपासच्या ठेक्यात वर-खाली होते. झोपाळ्याला बरोबर वेळेवर पाय मारला की तो चढत जातो, तसे पहिल्या पावलाचा हेलकावा संपण्याआधी दुसरे पाऊल पडते आणि हेलकावा अंगाने भरतो. हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. १८३१ साली मँचेस्टरजवळचा ब्रॉटनचा झुलता पूल पावलाला पाऊल लावून चाललेल्या सैनिकांखाली कोसळला, तेव्हापासून पुलावर पायताल मोडून चालायचा दंडक पडला. २००० साली लंडनचा नवा कोरा मिलेनियम पूल नुसत्या पादचाऱ्यांच्या चालण्याने असा डुलायला लागला की उघडल्यावर दोन दिवसांत बंद करावा लागला. तेव्हा दहा-बारा फुटांच्या घरात ओट्याकडे जाताना पायताल मोडून जावे, ही सूचना शास्त्रशुद्ध आहे. ती घरातल्या कोणत्या व्यक्तीला कोणी द्यायची, एवढाच प्रश्न उरतो.

आता या फिरत्या घरांतला मोटारीमागे ओढायचा ट्रेलर ही पाश्चात्य वस्तू आहे, आपल्याकडे त्याचा अनुभव कुठून असणार, असे कोणी म्हणेल. मोटारीच्या मागे हुकाला अडकवलेला, मध्यावर एकच आख असलेला ट्रेलर सोडून उभा केला की त्याचे जे होते, तेच आपल्या बैलगाडीचे पूर्वापार होत आले आहे. तो तिचा शिकलेला पुतण्याच. बैल सोडले की जू जमिनीवर टेकते. ते टेकू नये म्हणून दांडीखाली जो लाकडी टेकू देतात त्याला आपण ‘शिपाई’ म्हणतो. त्या नावातच सारी कामगिरी आली. ट्रेलरच्या तोंडाशी असलेला फिरकीचा जॅक हा त्याच शिपायाचा खाकी उतरवलेला वंशज. मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते, म्हणजे शिपाई बिचारा हवेत आणि मागचे टोक मातीत. ट्रेलरमध्ये दोघे जण एकदम मागच्या पलंगावर बसले की नेमके हेच घडू पाहते, फक्त तिथे त्याला उलाळ म्हणणारे कोणी नसते. चाकाला लावायची ती ‘उटी’. एसटीच्या आगारात चाकाखाली लाकडी उटी दिसते. साखर कारखान्याच्या आवारात उसाच्या ट्रॉल्या आणि जुगाडे नंबराची वाट पाहत रात्ररात्र उभी असतात, तिथे उटी म्हणजे सरळ दगड. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिल्यापासून नगर जिल्ह्याने इतक्या गाड्यांना इतके दगड लावले आहेत, की उभ्या गाडीविषयी बोलण्याचा अधिकार नगरकरांना कोणी प्रमाणपत्राने द्यायची गरज नाही. नंबर लागला की ट्रॉली पुढे जाते आणि दगड रस्त्याच्या मधोमध राहतो, अंधारात येणाऱ्या मोटारसायकलवाल्यासाठी. स्थैर्याची ही बाजू मात्र आपण अजून सुधारलेली नाही.

या दगडातच माझ्या म्हणण्याचा पहिला निम्मा भाग आहे. हेलकावा वाटला की लोक जॅककडे धावतात, आणि मी म्हणतो की आधी चाकाकडे जा. ब्रेक ओढला तरी चाक बोटभर मागेपुढे होण्याइतका ढिलेपणा कुठेतरी असतोच, आणि ती बोटभर चाल वर पलंगापर्यंत पोचेपर्यंत वीतभर वाटते. उटी एकाच बाजूने लावली की गाडी दुसऱ्या बाजूला मोकळी. म्हणून ती चाकाच्या दोन्ही अंगांना, ठोकून, घट्ट हवी. दोन आखांच्या ट्रेलरला दोन चाकांच्या मधल्या फटीत दोन्ही टायरांना एकदम रेटणारी पाचर मिळते; तिचा उपयोग जॅकच्या जोडीपेक्षा जास्त. यावर उतावळ्या माणसाचा आक्षेप ठरलेला: एवढे करण्यापेक्षा चारी कोपऱ्यांचे जॅक दाबून चाकेच उचलून घेतली तर? हा विचार मर्दानी आहे, पण सांगाडा त्याच्या लायकीचा नसतो. कोपऱ्याचे जॅक आधार देण्यापुरते केलेले असतात, घर उचलायला नव्हे. त्यांनी उचलले की सांगाडा पिळवटतो आणि दार लागेनासे होते, मग स्थिर घरात उघड्या दाराने झोपावे लागते. शनिशिंगणापूरला ती परंपरा असली तरी भंडारदऱ्याला माकडे आहेत. गाडी सपाटीला आणायची तर चाकांखाली फळ्या घालून आणावी. पेल्यातल्या पाण्यावर एक नजर टाकली की ती आली का ते कळते. जॅकचा नंबर त्यानंतर.

आणि जॅक चार असतात, इथेच दुसरी गोम आहे. तीन दगडांची चूल कधी डुगडुगते का? कितीही खाचखळग्याची जागा असो, तीन दगड टेकतातच. चार पायांची बाज मात्र शेणाने सारवलेल्या अंगणातसुद्धा एका पायाने रुसून बसते आणि तिच्याखाली खापरी सरकवण्यात घरातल्या एखाद्याचे आयुष्य जाते. चार जॅकांचेही तेच. तीन जण भार घेतात आणि चौथा सहकारी संस्थेच्या संचालकासारखा नुसता हजर असतो. म्हणून ते एका बाजूने ओळीने न आवळता कोपऱ्यासमोरचा कोपरा असे आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. मग जमिनीचा प्रश्न. नेवासे-शेवगावची काळी माती म्हणजे ओल मिळाली की फुगणारी आणि सुकली की हात जाईल एवढी भेगाळणारी. जॅकचा तळवा टीचभर, त्यावर घराचा भार; संध्याकाळी घट्ट बसवलेला जॅक सकाळी मातीत रुतलेला, नाहीतर सैल लोंबकळत असलेला. खाली रुंद फळी घातली की भार पसरतो. बैलगाडीची अरुंद लोखंडी धाव याच मातीत फसायची म्हणून तर ऊसवाहतुकीला रबरी टायरची गाडी आली. मुरुमावर उभे राहायला मिळाले तर उत्तमच, आणि भंडारदऱ्याच्या पावसात उतारावरची हिरवळ कितीही मोहक दिसली तरी ती हिरवळ आहे, पाया नव्हे.

एवढे करूनही आत उभे राहून दात घासायला घेतले की घर ब्रशच्या तालात डावे-उजवे करते. इथे माझ्या म्हणण्याचा दुसरा निम्मा भाग येतो. उभा खांब उभे ओझे पेलतो, आडवा धक्का पेलत नाही. चार उभ्या काठ्यांवर फळी ठेवून तिला बाजूने बोट लावा: काठी मोडत नाही, फळी वाकत नाही, तरी सगळा चौकोन निवांत कलतो. तोच चौकोन एका तिरक्या पट्टीने बांधला की त्याचे त्रिकोण होतात, आणि त्रिकोणाला बाजू मोडल्याशिवाय आकार बदलता येत नाही. मळ्याच्या लोखंडी फाटकावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जी पट्टी मारलेली असते ती शोभेची नाही. ती नसली की दोन पावसाळ्यांत फाटक जमीन खरवडायला लागते. पत्र्याखालची कैची तीच गोष्ट सांगते, मांडवाच्या खांबाला चहूकडून दिलेले ताणही तेच. जॅकपासून सांगाड्यापर्यंत एक तिरका दांडा, लांबीच्या दिशेला एक आणि रुंदीच्या दिशेला एक, घट्ट आवळून बसवला की जो फरक पडतो तो आणखी चार उभे जॅक विकत घेऊनही पडत नाही. दुकानदार मात्र उभे जॅकच दाखवतो. खोक्यातली वस्तू विकता येते, तिरकेपणा विकता येत नाही. तसा तो आपल्याकडे सढळ हाताने फुकट मिळतो, फक्त गाडीला लावायचे कोणाला सुचत नाही.

काही आक्षेप अजून शिल्लक आहेत. टायरांतली हवा कमी केली तर? उलटेच होते, मऊ टायर जास्त डुलतो, आणि सकाळी हवा भरायला राजूरपर्यंत जायचे ते त्याच टायरांवर. दुसरा आक्षेप जरा काव्यमय असतो: थोडे डोलले तर बिघडले कुठे, पाळण्यात नाही का झोप लागत? पाळण्याची गोष्ट निराळी. पाळण्याचा झोका एका लयीत येतो आणि दोरी जाग्या माणसाच्या हातात असते. ट्रेलरचा झोका बातमी घेऊन येतो. कोण कुशीवर वळले, कोण पाणी प्यायला उठले, कोण रागावून भिंतीकडे तोंड करून झोपले, हे सारे घराला एकदम कळते. एकत्र कुटुंबाच्या वाड्यात निदान जाड भिंती होत्या. तिसरा आक्षेप वाऱ्याचा, आणि तो खरा आहे. पावसाळ्यात घाटमाथ्यावरचा वारा उंच पत्र्याच्या भिंतीला आडवा भिडतो तेव्हा तिरके दांडेही कुरकुरतात. त्यावर गाडीची लांब बाजू वाऱ्याला न देता तोंड देणे एवढाच तोडगा, मग खिडकीतून धरणाऐवजी दुसऱ्या पर्यटकाचा संडास दिसला तरी चालवून घ्यावे.

गंमत अशी की ही सारी झटापट ज्या जिल्ह्यात करायची, तिथे वाहनांचे हादरे हा सरकारी व्यवसाय आहे. नगरच्या वाहननगरात संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे आणि तिच्या चाचणीमार्गांवर वाहने मुद्दाम हादरवली जातात. पलीकडे रणगाड्यांचे संग्रहालय आहे. आधुनिक रणगाडा धावत्या अंगावर तोफेची नळी निशाणावर खिळवून ठेवतो. म्हणजे चालत्या गाडीत तोफ हलू नये याची व्यवस्था माणसाने केली, उभ्या गाडीत चहा हिंदकळू नये याची मात्र अजून फळ्या-दगडांवर चालली आहे. संपूर्ण इलाज या जिल्ह्यात एकदाच झालेला मला ठाऊक आहे. मेहेरबाबांनी १९३८-३९ मध्ये शिष्यांसह जिच्यातून देशभर प्रवास केला ती निळी बस पुढे पिंपळगाव माळवीजवळच्या मेहेराझादला एका जागी बसवली गेली; इंजिन नाही, चाके नाहीत, नुसती खोली. जून-जुलै १९४९ मधले चाळीस दिवस ते त्या खोलीत एकांतात राहिले. १० जुलै १९२५ पासून त्यांचे मौन होतेच. पाटेही नाहीत आणि शब्दही नाही, अशा गाडीत हेलकाव्याला शिरायला जागा कुठून मिळणार? पण तो इलाज केला की गाडी गाडी राहत नाही, आणि दुसऱ्या दिवशी रतनवाडीला जायचे असेल तर तो उपयोगाचा नाही. पाथर्डी-जामखेडकडून ऊसतोडीला निघणाऱ्या माणसांनी ही अडचण कधीच सोडवली: संसार गाडीतून न्यायचा, पण झोपायचे गाडीत नाही. फडाशेजारी बांबू आणि चटयांची कोपी उभी करायची आणि जमिनीवर अंग टाकायचे. कोपी हलत नाही; गळते, थंडीत बोचते आणि तिच्यात राहण्याचे कोणतेही पर्यटन धोरण नाही, ते सोडून द्या.

ज्यांना गाडीतच झोपायचे आहे त्यांच्यासाठी निघतानाचा क्रम तेवढा सांगायचा राहिला. आधी तिरके दांडे सोडायचे, मग जॅक वर घ्यायचे, मग हुक अडकवून पिन लागली का ते खाली वाकून पाहायचे, तोंडाशी असलेला शिपाई वर उचलायचा, आणि उटी सगळ्यात शेवटी काढायची. उतारावर हा क्रम उलटा करणाऱ्याचे घर त्याच्याआधी धरणाकडे निघते. काढलेली उटी डिकीत टाकावी. दगड असेल तर तोही टाकावा, किंवा निदान रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवावा. मागून कोणीतरी मोटारसायकलवर दूध घालायला निघालेला असतो.