सिंबाचे बाबा

सिंबाच्या बाबांचं खरं नाव त्यांच्या दारावरच्या पितळी पाटीवर कोरलेलं आहे. पण ते वाचायला कुणी थांबत नाही, कारण पाटीखाली ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी दुसरी, मोठी पाटी आहे. त्यामुळे वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळी सोसायटी त्यांना सिंबाचे बाबा म्हणूनच ओळखते. परवा कुरिअरवाल्याने त्यांच्या खऱ्या नावाने चौकशी केली, तेव्हा ‘असं कुणी इथे राहत नाही’ म्हणून वॉचमनने त्याला परत पाठवलं.

हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. नोकरीत असताना त्यांनी लोकांची कर्जं कुणाचाही सल्ला न घेता नामंजूर केली. आता सिंबाला एक शिंक आली तरी सात जणांना विचारल्याशिवाय त्यांना चहा जात नाही.

सिंबा हा लॅब्रॅडोर. तो मुलाने आणला. ‘कुत्रं या घरात आलं तर मी बाहेर पडेन,’ असं बाबांनी तेव्हा निक्षून सांगितलं होतं. ते शब्दाला जागले. मुलगा टोरांटोला गेला आणि बाबा रोज सकाळी सहाला आणि रात्री नऊला, हातात पट्टा धरून, नियमाने बाहेर पडतात.

बाहेर पडल्यावरचं त्यांचं पहिलं काम निरीक्षणाचं. सिंबा झुडपामागे जाऊन आला की बाबा वाकतात, चष्मा सारखा करतात आणि मोबाइल काढतात. कोथरूडमधल्या कुठल्याही सोसायटीत पहाटे वाकलेला माणूस दिसला तर तो सूर्यनमस्कार घालतोय असं समजू नये. त्यांच्या मोबाइलमध्ये नातवाचे फोटो आहेत, पण ते सापडायला वेळ लागतो. ‘हा बघा, आमचा आरव,’ म्हणून ते फोन पुढे करतात आणि बोट जरा जास्त सरकलं की समोरच्याला मंगळवारचा नमुना दिसतो. ‘हा जरा सैल होता. बुधवारचा बघा, एकदम बांधीव.’ समोरच्याच्या हातात पोह्यांची बशी आहे की नाही, हे बघण्याची त्यांना गरज वाटत नाही.

सल्ला घेण्याचा त्यांचा एक क्रम ठरलेला आहे. त्यात जनावरांचे डॉक्टर सर्वांत शेवटी येतात.

पहिला मान वॉचमनचा. तो बीडकडचा. त्याच्या लहानपणी शेतावर चार कुत्री होती आणि त्यांतलं एकही कधी दवाखान्याची पायरी चढलं नाही, एवढीच त्याची पदवी. ‘सायेब, भाकरी घाला. ह्ये पाकिटातलं खाऊनच समदं हुतंय.’ दुसऱ्या कोकोच्या आई. कोको हा पग. २००३ साली हचच्या जाहिरातीत एक पग मुलाच्या मागेमागे फिरला आणि घरोघरी पग आले, त्या परंपरेतला. पगचं नाक इतकं बसकं की श्वास घेणं हेच त्याला पूर्णवेळ काम. मधूनच तो मान ताणून खर्रखर्र करत हवा आत ओढतो. अर्ध्याएक मिनिटात थांबतो. ती उलटी शिंक असते, पण कोकोच्या आई त्याला दमा म्हणतात आणि घरात कुणाला अगरबत्ती लावू देत नाहीत. त्यांचा विश्वास फक्त निसर्गावर. हळद, खोबरेल आणि ‘थोडा धीर धरा’ ही त्यांची तीन औषधं.

तिसरा ब्रूनोचा दादा. आयटीतला मुलगा. जर्मन शेफर्ड आणायच्या आधी त्याने कुत्र्यांच्या खुब्याच्या सांध्यावरचे शोधनिबंध वाचले होते. कुठलंही लक्षण सांगा, तो त्यातला सर्वांत भयंकर रोग आधी सांगतो. चौथे तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त डॉक्टर. ‘अहो, मी माणसांचा डॉक्टर आहे,’ हे त्यांचं पालुपद. ‘तेच म्हणतोय, माणसाला असं झालं असतं तर तुम्ही काय दिलं असतंत?’ हे बाबांचं.

एकदा सिंबा पुढच्या पायांनी स्वतःला ओढत बैठकीच्या खोलीभर ढुंगण घासत फिरू लागला. वॉचमन म्हणाला, जंत. इस्त्रीवाला म्हणाला, गादीवर झोपून उष्णता. वहिनींच्या भिशीतल्या एकीने नजर लागल्याचं निदान करून मीठमोहऱ्या ओवाळल्या. कोकोच्या आईंनी कुठे ते न विचारताच हळद लावायला सांगितली. ब्रूनोचा दादा म्हणाला, ‘काका, फूड अ‍ॅलर्जी असेल. चिकन बंद करा.’ तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर लिफ्टमध्ये सापडले, तेव्हा ‘मूळव्याध?’ एवढंच बोलून सुटले. बाबा कुणाचं मन मोडत नाहीत. त्यांनी सगळे उपाय एकाच वेळी केले. पिवळ्या पार्श्वभागाचा, उपाशी आणि दृष्ट काढलेला सिंबा शेवटी दवाखान्यात पोचला, तेव्हा डॉक्टरांनी हातमोजा चढवला. कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन लहान ग्रंथी असतात. त्या भरल्या की कुत्रं असं घासतं. त्या रिकाम्या करायला दोन मिनिटं लागली. त्यानंतर सुटलेल्या वासाने वाट बघत बसलेली मंडळी आपापली कुत्री घेऊन फुटपाथवर गेली. बाबा मात्र आत हसत उभे होते. ‘म्हणजे मूळव्याध नाही ना?’

तापाचं प्रकरणही असंच. नाक ओलं म्हणजे कुत्रं बरं, कोरडं म्हणजे आजारी, हे कुणीतरी सांगितल्यापासून बाबा दर अर्ध्या तासाने सिंबाच्या नाकाला बोट लावत. झोपून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचंही नाक कोरडं असू शकतं, हे ब्रूनोच्या दादाने समजावल्यावर घरातला थर्मामीटर कामाला आला. त्याचा आकडा निघाला १०१.६. बाबांनी सिंबाच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवल्या. सिंबाने त्या खाल्ल्या. मग कळलं की कुत्र्याचं तापमान मुळातच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. सिंबाला ताप नव्हताच. थर्मामीटर नेमका कुठे लावला होता हे वहिनींना रात्री समजलं. आता घरात दोन थर्मामीटर आहेत आणि एकावर लाल शाईने ‘सिंबा’ लिहिलेलं आहे.

वयाचा हिशोबही बाबांचा चोख. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, या सूत्राने आठ वर्षांचा सिंबा छप्पन्न वर्षांचा ठरतो. ‘बँकेत असता तर रिटायरमेंटला चार वर्षं राहिली असती,’ असं म्हणून ते त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात. हे सूत्र ढोबळ आहे. पहिल्या वर्षातच कुत्रं जवळजवळ वयात येतं आणि मोठ्या जातींची कुत्री लवकर म्हातारी होतात. पण बँकेतल्या माणसाला सरळव्याज सोडून दुसरं काही सांगायला गेलं की तो नाराज होतो.

दवाखान्यात बाबांचं दुसरं रूप दिसतं. सोसायटीत इतकं बोलणारा माणूस डॉक्टरांपुढे साक्षीदारासारखा सावध होतो.

‘काय खातो?’

‘काही नाही हो. दोन वेळचं डॉग फूड, मोजून.’

‘वजन ४४ किलो भरलंय. याला जास्तीत जास्त ३६ चालेल.’

‘हाडंच जड आहेत त्याची.’

घरची परिस्थिती अशी की बाबा सकाळच्या चहाबरोबर त्याला ग्लुकोजचं बिस्किट देतात, ‘एकच’. वहिनी बाबांची पाठ वळली की तूप लावलेली पोळी देतात, तीही ‘एकच’. कामाच्या मावशी चपात्या लाटताना कणकेचा गोळा टाकतात. इस्त्रीवाल्याकडे त्याच्यासाठी खारी असते. सिंबा या चौघांपैकी कुणाचंही नाव कुणापुढे घेत नाही, म्हणून तो सगळ्यांचा लाडका आहे.

बऱ्याच लॅब्रॅडोरमध्ये भूक आवरणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो, हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. ब्रूनोच्या दादाने ही माहिती पुरवल्यापासून बाबांना मोठा आधार मिळालाय. ‘डॉक्टर, आमच्याकडे हे आनुवंशिक आहे,’ असं त्यांनी डॉक्टरांना ऐकवलं. डॉक्टर म्हणाले, ‘जनुक भूक लावतं. बिस्किटाचा पुडा फोडत नाही.’

त्यावर बाबांनी दुसऱ्या मताचा विचार केला. परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे नेऊन दाखवावं का, असं ते चारचौघांत बोलू लागले. जन्मभर पुण्यात राहिलेला माणूस मुंबईचं काही चांगलं आहे हे कबूल करायला निघाला, त्यावरून सिंबाच्या वजनाचा प्रश्न किती गंभीर झाला असेल ते समजावं.

वहिनींचा गुडघा गेली दोन वर्षं दुखतोय. ‘वय झालं आता, चालायचंच,’ हे त्यावर बाबांचं निदान. गेल्या महिन्यात सिंबा मागचा पाय जरा उचलून चालला, तर त्याच दुपारी रिक्षा, एक्स-रे, रक्ततपासणी असं सगळं झालं. पंजात बाभळीचा काटा निघाला. ‘उद्यापासून मीही तीन पायांवर चालून बघते,’ वहिनी म्हणाल्या. सिंबाची फाइल जाडजूड आहे. लसींच्या नोंदी, जंताच्या औषधांच्या तारखा, लिव्हरचे रिपोर्ट, सगळं पंच करून लावलेलं. बाबांची स्वतःची मधुमेहाची फाइल कुठे आहे, ते त्यांना विचारू नये.

सिंबाच्या बाबांना सल्ला हवा असतो, असं इतकी वर्षं मला वाटत होतं. ते खरं नाही. त्यांना ‘काही झालेलं नाही’ हे तीन शब्द हवे असतात, आणि ते म्हणणारा माणूस भेटेपर्यंत ते विचारत फिरतात. एरवी यात गंमत आहे. गेल्या पावसाळ्यात नव्हती. सिंबाने जेवण सोडलं. लॅब्रॅडोरने जेवण सोडणं हे एकच लक्षण पुरेसं होतं. पण वॉचमन म्हणाला, ‘हवा बदलली.’ कोकोच्या आई म्हणाल्या, ‘एक दिवस लंघन चांगलंच.’ ब्रूनोचा दादा म्हणाला, ‘काका, गोचिडीचा ताप असेल, प्लेटलेट बघा,’ पण तो नेहमीच घाबरवतो म्हणून त्याचं मत बाद झालं. बहुमताने दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी बाबा कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे पॅरासिटामॉल मागायला गेले.

‘काका, तुम्हाला की सिंबाला?’ त्याने विचारलं.

बाबा गप्प. केमिस्टने गोळी परत खणात टाकली. ‘माणसाची गोळी अंदाजाने कुत्र्याला घातली तर लिव्हर जातं. आयबुप्रोफेनने पोटात व्रण पडतात, किडनी जाते. आधी दवाखान्यात न्या.’

त्या दुपारी डॉक्टरांनी सिंबाच्या हिरड्या बघितल्या, त्या पांढरटल्या होत्या. कुत्र्याच्या प्लेटलेट साधारण २ लाखांच्या पुढे असाव्यात, सिंबाच्या निम्म्याही नव्हत्या. कानाच्या घडीत गोचीड सापडली. डॉक्सिसायक्लिन सुरू झालं आणि चौथ्या दिवशी सिंबाने औषधाची गोळी थुंकून तिच्याभोवतीचं चीज तेवढं खाल्लं, तेव्हा तो बरा होतोय हे सगळ्यांना कळलं. त्या चार दिवसांत बाबांनी कुणालाही काही विचारलं नाही. सिंबाच्या शेजारी सतरंजी टाकून झोपले. कंबर धरली, तीही कुणाला सांगितली नाही. बरा झाल्यावर मात्र त्यांनी भाजीवाल्यालासुद्धा प्लेटलेटचा रोजचा आकडा सांगितला.

माणसाचं मूल दोन वर्षांत ‘बाऊ’ म्हणायला शिकतं. कुत्रं जन्मभर शिकत नाही, उलट दुखणं लपवतं. त्यामुळे सिंबाच्या बाबांना हसताना मी हात जरा आखडता घेतो. सात जणांना विचारणारा माणूस निदान विचारतो तरी. दमलेलं, म्हातारं कुत्रं टेकडीच्या पायथ्याशी सोडून गाडी वळवणाऱ्यांना कुणाच्याच सल्ल्याची गरज पडत नाही.

तेव्हा सोसायटीसोसायटीतल्या समस्त सिंबांच्या आणि कोकोंच्या आईबाबांनो, नोंदी तुम्ही उत्तम ठेवता, त्या वॉचमनला न दाखवता डॉक्टरांना दाखवा. कुत्र्याने कधीपासून खाल्लं नाही, किती वेळा उलटी झाली, हिरड्यांचा रंग काय, एवढं सांगितलंत तरी त्यांचं अर्धं काम होतं. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि शुगर-फ्री च्युइंगगम त्याच्या तोंडाला लागू देऊ नका. यातलं काही पोटात गेलंच तर लक्षणं दिसायची वाट बघू नका. घरातली गोळी घालू नका. आणि डॉक्टरांनी ‘काय खातो?’ विचारलं की बिस्किटांचं खरं सांगा. त्यांनी वजनकाटा आधीच बघितलेला असतो.