दोन रुपये जास्त

आमच्या चौथीच्या वर्गातला फळा दुतोंडी आहे. वरच्या अंगाला रोजचा सुविचार असतो. 'नेहमी खरे बोलावे' हा आठवड्यातून एकदा तरी येतोच, कारण तो आटोपशीर आहे आणि त्यात एकही जोडाक्षर नाही. उजव्या कोपऱ्यात खडूने आखलेला एक चौकोन. मी ऑफिसात गेले की मॉनिटर त्यात बोलणाऱ्यांची नावं लिहितो. फारच बोललं तर नावापुढे फुली. म्हणजे एकाच खडूने वर विश्वास आणि खाली पाळत! मॉनिटरच्या जिवलग दोस्ताचं नाव त्या चौकोनात आजवर कधी आलेलं नाही, आणि तो दोस्त काही मुका नाही.

मुलांनी विश्वासू व्हावं म्हणून मी वीस वर्षं 'लांडगा आला रे आला' सांगत आले. लांडग्याचा आवाज मी बरा काढते. मुलं मेंढरांबरोबर बें-बें करतात, शेवटी गुराख्याची फजिती झाली की खूश होतात आणि मधल्या सुट्टीत 'बाई आल्या रे आल्या' हा नवा खेळ सुरू होतो.

मग कधीतरी वाचनात आलं, की २०१४ साली कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी ही गोष्ट चक्क तपासून पाहिली होती. तीन ते सात वर्षांच्या मुलांच्या पाठीमागे आवाज करणारं खेळणं ठेवलं, 'वळून बघायचं नाही हं' म्हणून सांगितलं आणि मोठं माणूस खोलीबाहेर गेलं. आता वळून बघणार नाही ते मूल कसलं! परत आल्यावर त्या माणसाने एक गोष्ट वाचून दाखवली आणि मग विचारलं, 'बघितलंस का?' लांडगेवाल्या गुराख्याची किंवा नाक वाढणाऱ्या पिनोकिओची गोष्ट ऐकूनही मुलांच्या थापा काही कमी झाल्या नाहीत. ससा-कासवाची गोष्ट ऐकलेली मुलं आणि ही मुलं सारखीच. फरक पडला तो चेरीचं झाड तोडल्याचं कबूल करणाऱ्या आणि वडिलांची शाबासकी मिळवणाऱ्या छोट्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीने. खोट्याची शिक्षा ऐकून मुलं ढिम्म, खऱ्याचं कौतुक ऐकून मात्र हलली. माझी वीस वर्षांची डरकाळी वाया गेली.

त्यातली खरी मौज पुढेच आहे. वॉशिंग्टनची ती गोष्ट वीम्स नावाच्या चरित्रकाराने १८०६ च्या आवृत्तीत घातली, आणि ती त्याने मनानेच रचली असावी असं इतिहासकार मानतात. म्हणजे जी गोष्ट ऐकून मुलं खरं बोलली, ती मुळात थापच!

आपल्याकडे गांधीजींची गोष्ट आहे, आणि ती त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. राजकोटच्या हायस्कुलात जाइल्स नावाचे साहेब तपासणीला आले. त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहायला सांगितले, त्यात एक 'केटल'. मोहनदासचं स्पेलिंग चुकलं. शिक्षक बुटाच्या टोकाने खुणावत होते, शेजाऱ्याच्या पाटीवर बघ. मोहनदासला ते समजलंच नाही, कारण शिक्षक असतात ते कॉपी होऊ नये म्हणून, अशी त्याची समजूत! ही गोष्ट सांगताना मी मोहनदासकडे बोट दाखवते आणि बुटाचा भाग जरा भरभर उरकते.

कारण तो बूट माझाही आहे. साहेबांच्या भेटीच्या आदल्या दिवशी मी अख्ख्या पाठाची रंगीत तालीम घेतलेली आहे. कुणी कोणतं उत्तर द्यायचं ते ठरलेलं. सगळंच बरोबर आलं तर संशय येईल, म्हणून एक चुकीचं उत्तरही नेमून दिलेलं. ज्याला ते दिलं होतं, त्या पोराने ऐनवेळी साहेबांपुढे बरोबर उत्तर दिलं आणि मग माझ्याकडे असं बघितलं, की जणू त्याच्या हातून चोरी झाली. साहेब 'शाब्बास' म्हणाले. पोरगं रडवेलं. मी त्याच्याकडे बघून हसले, पण ते हसू त्याला पटलं नसावं.

त्या अपराधी मनानेच पुढे आमच्या वर्गात बिनदुकानदाराचं दुकान सुरू झालं. बुटाच्या खोक्यात पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, झाकणावर भाव, शेजारी गल्ला म्हणून बिस्किटांचा पत्र्याचा डबा. वस्तू घ्या, पैसे टाका, वहीत लिहा. वहीतले हिशेब बघण्यासारखे होते. 'एक रबर घेतला पण वास नाही म्हणून परत ठेवला.' 'पेन्सिल, पैसे उद्या, आईची शप्पत.' ते पैसे दुसऱ्या दिवशी खरंच आले. शपथ मात्र वहीत तशीच राहिली.

पहिल्या शनिवारी दोन रुपये जास्त भरले. पुढच्या शनिवारी पुन्हा दोन. कमी भरले असते तर काय बोलायचं ते माझ्याकडे तयार होतं. जास्तीची तयारी नव्हती. म्हणून मी कमीचंच भाषण वापरलं. "कुणी टाकले? खरं सांगा, मी रागावणार नाही." या वाक्याचा अर्थ चौथीतल्या मुलांना पाठ असतो. सगळ्या माना खाली.

महिनाभराने पटांगणात झाडाची पानं गोळा करताना एकजण आपणहून जवळ आला. "बाई, ते दोन रुपये मी टाकायचो."

"का रे?"

"तुम्ही रोज मोजता ना. कमी भरलं तर दुकान बंद कराल म्हणून."

"पण कमी करणार कोण होतं?"

"कुणीच नाय. पण मोजताना माणूस चुकतो, बाई."

एवढं बोलून तो पानांचा ढीग कवटाळून खड्ड्याकडे पळाला. खाऊच्या पैशातून हा पोरगा दर आठवड्याला माझ्या संशयाचा हप्ता भरत होता, पावतीसुद्धा न घेता.

त्या दिवसापासून मी मुलांसमोर गल्ला मोजायचं सोडून दिलं आहे. शाळा सुटली, पोरं रस्त्याला लागली, की वर्गाचं दार लोटते आणि मगच मोजते.