आधीचे गेले ते फ्लोरिडाला

"काकू, जरा थांबा हो. काल रात्री आमच्या पोर्चचा दिवा पाहिलात का?"

"पाहिला की. अडीचला लागला. पाणी प्यायला उठले होते मी. म्हटलं, एवढ्या अपरात्री पोरीकडे कोण आलं?"

"कोणी नाही हो! आपोआप लागतो. सासूबाई आल्यात ना भारतातून, त्यांनी थेट बाधाच ठरवून टाकलीय. आधीचे म्हातारे याच घरात गेले म्हणे."

"गेले ते फ्लोरिडाला गेले! निघताना मीच पुरणपोळ्या बांधून दिल्या. काहीतरीच तुझ्या सासूबाईंचं."

"त्या म्हाताऱ्यांनीच ती रिमोटने दिवे लावायची एक्स-टेनची डबडी बसवलीयेत घरभर. मी म्हणते काढून टाकू. पण आमच्या ह्याला भारी कौतुक! १९७५ सालचं, स्कॉटलंडमधलं तंत्र आहे म्हणतो, जपलं पाहिजे."

"खोटं नाही सांगत तो. ग्लेनरॉथेसच्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने काढलेलं. निरोपाला वेगळी तार नाही की वायफाय नाही, भिंतीतल्या विजेच्या वायरीतूनच जातो. नोकरीत सर्किटं तपासण्यात जन्म गेला माझा, मला विचार. बोल, दुखणं काय? एकेक सांग."

"वरच्या बेडरूमचा दिवा. दुपारी रिमोट दाबला की लागतो, रात्री ढिम्म. रिमोटचे सेल बदलले, डबी बदलली."

"दुपारी घरात काय चालू असतं?"

"काही नाही. कपड्यांचा ड्रायर तेवढा."

"सापडलं! अगं, इथल्या घरात १२० व्होल्टच्या दोन बाजू येतात. पुण्याला एक फेज गेली की अर्ध्या घरात उजेड नि अर्ध्यात अंधार, आठवतं ना? तसलीच वाटणी. रिमोटचा निरोप वायरीत टाकणारी तुझी डबी एका बाजूवर आणि बेडरूम दुसऱ्या बाजूवर. निरोप पार खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाऊन परत यायचा, तोवर त्यात जीव राहत नाही. ड्रायर चालतो २४० वर, म्हणजे दोन्ही बाजूंना जोडलेला. तो चालू असला की निरोप त्याच्यातून पलीकडे जातो."

"म्हणजे दिवा लावायला ड्रायर चालवायचा?"

"नाही गं बाई! फेज कपलर म्हणून मिळतो. १२० किलोहर्ट्झचा निरोप पलीकडे जाऊ देतो, ६० हर्ट्झची वीज अडवतो. परवानावाल्या इलेक्ट्रिशियनकडून पॅनलमध्ये बसवून घे. तुझ्या नवऱ्याला पॅनल उघडू देऊ नकोस."

"तो उघडणारच, त्याला आवरा तुम्हीच. बरं, दुसरं. हॉलमधलं सगळं परवापरवापर्यंत ठणठणीत होतं, आता एकही दिवा ऐकत नाही."

"परवा नवीन काय आणलंत?"

"कॉम्प्युटरसाठी यूपीएस. पण तो तर कोपऱ्यात गुपचूप बसलेला असतो!"

"गुपचूप बसणारेच निरोप गिळतात. वायरीत गडबड करणारे दोन जातींचे. एक गोंगाट करणारे, म्हणजे स्वस्तातले चार्जर, काही एलईडी दिवे. ते आपला कचरा वायरीत सोडतात. दुसरे गिळणारे. यूपीएस, सर्जवाल्या पट्ट्या, कॉम्प्युटरचे पॉवर सप्लाय. बाहेरचा कचरा आत येऊ नये म्हणून त्यांच्या तोंडाशीच कपॅसिटर बसवलेला असतो. एक्स-टेनचा निरोपही त्याला कचराच वाटतो."

"पण मी रात्री कॉम्प्युटर बंद करते की."

"बंद करून काय होतंय? पिन भिंतीत आहे ना? आपल्याकडे पॉइंटला बटण असतं, इथे ते नाही. पिन ओढून काढायची आणि मग रिमोट दाबून बघायचं. दिवा लागला, तर यूपीएस आणि भिंत यांच्या मध्ये एक प्लग-इन फिल्टर लाव. तेवढ्याने काम होतं."

"आणि नाही लागला तर?"

"तर चोर दुसरा. मग रिमोटची डबी नि एक दिवा यांचे ब्रेकर सोडून बाकी सगळे पाड. आता दिवा ऐकतो का बघ. ऐकत असेल तर एकेक ब्रेकर वर करत जा. ज्या ब्रेकरला दिवा रुसेल, त्या खोलीतल्या पिना एकेक करून उपट. दुपारी कर, नाहीतर सासूबाई अंधारात रामरक्षा सुरू करतील."

"पण काकू, निरोप पोचला नाही तर त्या डबीला कळत कसं नाही? फोनवर मेसेज गेला नाही तर कळतं की."

"ही जुनी पद्धत. लग्नाची पत्रिका पोस्टात टाकावी तसं. पोचली का, कोण विचारतंय? वीज सेकंदाला १२० वेळा शून्यावर येते. त्या क्षणी वायरीत जरा शांतता असते, तेवढ्यात एक मिलिसेकंदाचा ठिपका सोडायचा. असे ठिपके जोडून निरोप, आणि तो दोनदा म्हणायचा. आधी कोणता दिवा ते, मग त्याचं काय करायचं ते. एका हुकमाला पाऊण सेकंद जातो. मध्ये कोणी खाल्ला तर खाल्ला."

"हे झालं न लागणाऱ्या दिव्यांचं. पोर्चचा तर न सांगता लागतो!"

"त्याच्या डबीवर दोन चकत्या असतील बघ, एक अक्षराची, एक आकड्याची. ए ते पी सोळा अक्षरं, एक ते सोळा आकडे. तुझी कशावर आहे?"

"ए आणि एक. आली तशीच आहे."

"सगळ्यांची तशीच असते! चकती फिरवायचे कष्ट कोण घेतो? आणि निरोप काय तुझ्या मीटरपाशी थांबतो? एका ट्रान्सफॉर्मरवर चार-पाच घरं असतात. कोपऱ्यावरच्यांकडे पण हेच आहे, ठाऊक आहे मला. त्यांच्या मुलाच्या किल्लीच्या जुडग्यात छोटा रिमोट असतो. गाडीतून उतरताना दाबतो, पोर्चचा दिवा लागतो. त्यांचा नि तुझाही."

"अय्या! म्हणजे काल रात्री अडीचला..."

"तेच तर! आणि त्याची आई मंदिरात सांगत होती, आमचा दहाला झोपतो, फार अभ्यासू."

"गेल्या शुक्रवारी पण अडीचलाच लागला होता हो! आणि आम्ही साडेदहाला पोर्चचा दिवा बंद करतो, तेव्हा त्यांचाही जात असेल?"

"जातो ना! म्हणून तर ती सांगत होती, दिवा मध्येच विझतो, सगळं वायरिंग बदलून घेतोय म्हणून. इलेक्ट्रिशियन बघून गेला, हजारो डॉलर सांगितले."

"अरे देवा! वायरिंग बिचारं चांगलं असेल. मी आजच अक्षर बदलते. एम ठेवू?"

"ठेव एम. बारीक स्क्रू-ड्रायव्हरने चकती फिरव. रिमोटवर नि घरातल्या बाकी डब्यांवरही तेच अक्षर लाव, नाहीतर उद्या पुन्हा येशील विचारायला. आणि तिला आजच सांग, पैसे घालवू नका म्हणावं."

"सांगते. पण कसं कळलं विचारलं तर अडीचचं निघेल ना?"

"साडेदहाचं सांग, तेवढं पुरे. अडीचचं मी बघते. तू या गल्लीत नवीन आहेस."