5 फूट 3 इंच

शाळेत प्रार्थनेची रांग उंचीप्रमाणे लागायची. त्यामुळे दहावीपर्यंत माझा पहिला नंबर कधी चुकला नाही, वर्गातला सोडून. पुढे 5 फूट 3 इंचांवर आमची गाडी थांबली ती थांबलीच. इंग्रजीतला ‘टॉल’ हा शब्द मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठीच वापरला.

परवा शब्दकोश चाळताना त्याची कुंडली हाती लागली आणि मी खुर्चीत ताठ बसलो. जुन्या इंग्रजीत हा शब्द होता ‘गेटॅल’, आणि उंचीशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. अर्थ काय, तर चपळ, तत्पर. पुढे तो शूराला लावू लागले, देखण्यालाही. माणसाच्या उंचीला तो चिकटला पार 16व्या शतकात. जुना अर्थ तरीही लगेच घर सोडून गेला नाही. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये सर टोबी आपल्या मित्राला, सर अँड्र्यूला, ‘टॉल’ म्हणतो ते शूर या अर्थाने. आणि हा शूर गडी द्वंद्वाची वेळ येताच, प्रकरण मिटवा म्हणून चक्क स्वतःचा घोडा देऊ करतो! तेव्हा शब्दाचा गैरवापरही तितकाच जुना.

आपल्याकडे वाट उलटी. झाड उंच, डोंगर उंच. मग त्यावरून अत्तर उंची झालं, शालू उंची झाला. आपण मापावरून गुणाकडे गेलो, इंग्रजांनी गुणाला फुटपट्टी लावली. शूर म्हणजे धिप्पाडच असणार, असं तिकडे कुणाच्या तरी मनाने घेतलं असावं. 1659 साली प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झालं, हे चौथीत शिकलेल्या माणसाला हे पटायचं कसं?

मला म्हणाल तर हा शब्द 15व्या शतकातच थांबायला हवा होता. आमच्यासारख्यांची सोय झाली असती. हल्ली एका बड्या अमेरिकी कॉफीवाल्याकडे 12 औंसांच्या पेल्याला ‘टॉल’ म्हणतात आणि त्याहून मोठे पेले शेजारीच मांडलेले असतात. म्हणजे शब्द पुन्हा आमच्या बाजूला झुकू लागलाय म्हणायचा.

हा शोध पोटात मावेना. तडक स्वयंपाकघरात गेलो आणि जाहीर केलं, “मूळ अर्थाने बघितलं तर मी टॉल आहे.”

“म्हणजे?” बायकोने चकलीची भाजणी मळता मळता विचारलं.

“चपळ. तत्पर.”

“बरं झालं. माळ्यावरचा सोऱ्या काढून द्या.”

स्टूल आणलं. चढलो. टाचा उचलल्या. बोटं सोऱ्याच्या पिशवीला लागली, आणि पिशवी वीतभर आत सरकली. पुन्हा हात लांबवला, आणखी वीतभर.

“उतरा आता,” खालून आवाज आला. “चिनू सहाला येईल क्लासहून. तो काढेल.”