एकच रंग येतलो!

समुद्र दहा मिनिटांवर असताना स्वतःच्या आवारात स्विमिंग पूल बांधणाऱ्या माणसाला मालवण तालुक्यात काय म्हणतात, ते छापण्यासारखं नाही. आमचे शेजारी आबा त्यातल्या त्यात सभ्य. खड्डा खणून झाला तेव्हा ते काठावर येऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधून आत वाकून बघितलं आणि म्हणाले, "काय रे झिला, दर्यातला पाणी आटला काय?"

आबांना काय सांगणार? सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि ज्यांच्याकडे दोन खोल्या जास्तीच्या होत्या त्यांनी हळूहळू निवास-न्याहारीच्या पाट्या लावल्या. त्यात आम्हीही आलो. सुरुवातीला लोक फोनवर विचारायचे, मासे ताजे असतात ना? मग विचारू लागले, एसी आहे ना? आता घाटावरून येणारा फोन आधी विचारतो, स्विमिंग पूल आहे का? आहे म्हटलं तरच गाडी सुरमईकडे वळते. तारकर्लीचा किनारा त्यांना हवाच असतो. चिवला बीचवर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा होतात, राज्यभरातून पोहणारे येतात, हेही त्यांना कौतुकाने ऐकायचं असतं. पण स्वतः पाण्यात उतरायचं म्हटलं की अंगाला मीठ लागतं, केसांत वाळू जाते, आणि समुद्राची उथळ बाजू कोणती ते कुठे लिहिलेलं नसतं. त्यातून मे संपता संपता समुद्रातले खेळ बंद होतात ते ऑगस्टअखेरपर्यंत.

शिवाय खाऱ्या पाण्याच्या शेजारी गोडं पाणी राखणं ही आमच्या तालुक्याची जुनी परंपरा. कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला बांधायला घेतला १६६४ साली, पुरा झाला १६६७ मध्ये. चारी बाजूंनी समुद्र आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. हा दाखला मी आबांच्या तोंडावर फेकला. आबा शांतपणे म्हणाले, "थंय म्हाराज पाणी पियत व्हते. तुझे पावणे ह्या पाण्यात काय करतले, ता माका सांगू नको."

पुलाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. २४ बाय १२ फूट, चार फूट खोल, साधारण ३२ हजार लिटर पाणी, निळ्या टाइल्स. कटकट आहे ती पुलाची नव्हे, पुलाभोवतीची. भोवती चार फूट रुंदीचा सिमेंटचा कोबा घातला आणि पाय घसरू नये म्हणून ओला असतानाच वरून झाडू ओढून खरखरीत केला. तो इतका देखणा उतरला होता की मी त्यावर कुणाला चपला घालून चालू देत नसे. पूल दाखवायला म्हणून नेलेल्या लोकांना मी कोबा दाखवत असे.

आमचं घर सड्यावर, खाली सगळा जांभा. जांभ्यात खड्डा खोदला, त्यात पुलाची भिंत उभी राहिली, आणि भिंत आणि कातळ यांच्यामध्ये जी फट उरली तीत निघालेलाच चुरा आणि तांबडी माती परत ढकलण्यात आली. असा भराव थराथराने घालून, पाणी मारून, धुम्मसने ठोकायचा असतो. ठेकेदाराने ते काम पावसावर सोपवलं. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याने हे काम चोख केलं. माती जिथे बसायला हवी होती तिथे बसली. कोबा मात्र जागेवरच राहिला, खाली आधार नाही म्हटल्यावर तडकला, आणि जाता जाता पाइपाचा एक सांधाही ओढून गेला. पाणी रोज चार बोटं उतरू लागलं.

पाइप नेमका कुठून गेलाय? नकाशा कुणी काढलाच नव्हता. नकाशा प्लंबरच्या डोक्यात होता आणि ते डोकं गोव्यात मोठ्या हॉटेलच्या कामावर गेलं होतं. मग दुसऱ्याने अंदाजाने फोडलं, अंदाज चुकला म्हणून शेजारी फोडलं, आणि पाइप सापडला तेव्हा कोब्याला दाराएवढं भोक पडलं होतं. ते बुजवायला मिस्त्री आले. आमचे मिस्त्री म्हणजे थापी हातात धरून जन्माला आलेला माणूस. त्यांनी माल कालवला, भोक भरलं, रंधा फिरवला आणि बिडी पेटवली.

"मिस्त्री, रंग वेगळा दिसतोय."

"सुकांदे, भाऊ. मगे बघा. एकच रंग येतलो."

तो सुकला आणि हिरवा झाला. चेष्टा नाही, निळसर हिरवा. दुकानात त्या दिवशी स्लॅग सिमेंट होतं. लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून त्यात घालतात, आणि त्या मळीतल्या गंधकाच्या संयुगांमुळे नव्या काँक्रीटला अशी छटा येते. हवा लागली की ती जाते. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी शेवाळ समजून तारेचा ब्रश घेऊन बसलो होतो. पुढे हिरवा रंग गेला खरा, पण जाऊन तो मूळ करड्यावर आला नाही. जवळजवळ पांढऱ्यावर गेला.

दुसरं ठिगळ शॉवरजवळ. या वेळी मी स्वतः जाऊन साधं, ५३ ग्रेडचं सिमेंट आणलं. मिस्त्रींनी ते लावलं आणि काम सुबक दिसावं म्हणून वर कोरडं सिमेंट शिंपून थापीने घोट घोट घोटलं. लोखंडी थापीने कोबा जितका घोटावा तितका काळा होतो. हे ठिगळ काळं तर झालंच, वर इतकं गुळगुळीत झालं की त्यावर उभा राहिलेला माणूस आपोआप पुलात जायचा. काही पाहुण्यांना ती सोय वाटली.

तिसरं दिव्याच्या वायरीसाठी. "काळं झालं तर पांढरं सिमेंट मिसळा की," असं आमची ही सहज बोलून गेली, आणि मिस्त्रींनी ते इतकं मनावर घेतलं की त्या कोपऱ्यात रात्री दिवा लावायची गरज उरली नाही. ते ओलं असतानाच आबांची कोंबडी त्यावरून चालत गेली. तिरकी गेली, मध्येच थांबून विचार केला आणि परत आली. हे सगळं तिथे वाचता येतं.

"एकच रंग येतलो," मिस्त्री म्हणाले. पण या वेळी आवाजात पूर्वीचा ठामपणा नव्हता.

मला सगळ्यात राग कशाचा आला असेल, तर आमच्या स्वतःच्या घराच्या भिंतीचा. ती आजोबांच्या काळातली, चिऱ्यांची. एकाच खाणीतला माल, तरी एक चिरा गुलाबी, दुसरा विटकरी, तिसऱ्यात पिवळ्या भोकांची जाळी. खाणीतून निघतो तेव्हा चिरा मऊ असतो, वारा-पाऊस खाऊन कडक होत जातो आणि काळवंडतो. मध्यंतरी खिडकी मोठी करताना पंचवीस-तीस चिरे नवे बसवले, तेही डोळ्यांना टोचत नाहीत. त्या भिंतीत कोण जुना आणि कोण नवा हे आज मलाही दाखवता येणार नाही. चिऱ्याला आपण शेजाऱ्यासारखं दिसावं अशी हौसच नाही. सिमेंटला मात्र अख्ख्या अंगणाला एकच कातडी असल्याचा आव आणायचा असतो, म्हणून एक जखम झाली की ती जन्मभर दिसते.

पाण्याने भिजला की कोबा एकरंगी होतो, हा शोध मला पाहुण्यांची गाडी फाटकात वळत असताना लागला. तेव्हापासून गाडीचा आवाज आला की मी पाइप घेऊन धावतो. बुकिंगसाठीचे सगळे फोटोही भर पावसात काढलेले आहेत. अडचण एवढीच, की जून ते सप्टेंबर निसर्गच कोबा एका रंगात ठेवतो तेव्हा पाहुणे फारसे नसतात, आणि ऑक्टोबरात पाहुणे यायला लागले की ऊन पडून सगळी भानगड उघडी पडते.

दिवाळीत पुण्याहून भावोजी आले. भावोजी सिव्हिल इंजिनिअर, बांधकामाचं काम सोडून बाकी सगळ्या बाबतीत मनमिळाऊ. त्यांनी मोबाइलवर काँक्रीटचं मानक, आयएस ४५६, उघडलं. सलोह काँक्रीटला किनाऱ्याच्या हवेत कमीत कमी एम-३० लागतं, खारा फवारा थेट येत असेल तर एम-३५, असं मला उभं करून समजावलं. "आणि रंग?" मी विचारलं. भावोजींनी बरंच वर-खाली केलं. रंगाबद्दल त्यांना काही सापडलं नाही. मग मात्र त्यांनी खऱ्या कामाची गोष्ट सांगितली. सिमेंट बदललं की रंग बदलतो, रेती बदलली की बदलतो, पाणी जास्त झालं की फिकट, कमी झालं की गडद. पहिला कोबा खाडीच्या रेतीचा होता, दुरुस्ती काळ्या दगडाच्या क्रशमध्ये झाली, मग जुळणार कसा? आधी नमुने करा, वाळू द्या, मग ठरवा.

नमुने करायला साचा हवा. घरात सात कप्प्यांचं बिडाचं आप्पेपात्र होतं. पुढे काय झालं ते सविस्तर सांगत नाही. सातही कप्प्यांत वेगवेगळं मिश्रण घातलं. पांढरं सिमेंट चमचाभर, दोन चमचे, खाडीची रेती, क्रश, दोन्ही मिळून, आणि एकात किंचित पिवळा ऑक्साइड. काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी मोजतात, रंग त्यानंतरही बदलत राहतो, म्हणून थांबणं आलं. तेवढा वेळ आमच्या हिला आप्पेपात्राची आठवण होऊ नये म्हणून मी रोज सकाळी आग्रहाने घावणे मागत होतो. शेवटी पाचव्या कप्प्यातला नमुना कोब्याशी बरोब्बर जुळला. तो आप्प्यासारखाच दिसत असल्याने भाच्याने उचलून चावून पाहिला. त्याच्या दाताचा कोपरा गेला, नमुन्याला काही झालं नाही. एम-३० असावा.

एवढ्यात आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख जाहीर झाली. भराडीदेवीच्या जत्रेला पंचांगातली ठरलेली तिथी नसते, देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो, आणि ठरला की मुंबईतले सगळे मालवणी एकदम फोन करतात. आमच्या खोल्या एका संध्याकाळी भरल्या. आता निदान ते काळं, घसरतं ठिगळ तरी काढायलाच हवं होतं.

मिस्त्रींनी या वेळी ठिगळावर ठिगळ लावलं नाही. कटर आणून एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंतचा अख्खा पट्टा सरळ कापून काढला. काम सुरू करण्याआधी नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घालायला आबांना बोलावलं. आबांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरान पावण्यांच्या सुखासाठी तळा बांधल्यान आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्याभोवतीचो कोबो चार रंगाचो झालो आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"मिस्त्रीच्या हातान, प्लंबराच्या हातान काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल, माझ्या कोंबडेचाय पोटात घाल, आणि कोबो एकरंगी करून दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज मिस्त्रींचा होता.

पट्टा उतरला छान. माल पाचव्या नमुन्याचा, मोजून कालवलेला, वर झाडू ओढलेला, गोणपाट टाकून आठवडाभर ओला ठेवलेला. रंग जवळपास आला, अगदी तंतोतंत नाही. पण कडा सरळ सांध्यावर असल्याने बघणाऱ्याला वाटतं, इथून दुसरा भाग सुरू होतो. वाकड्यातिकड्या कडेचं ठिगळ मात्र लांबूनही ओरडतं. उरलेली दोन्ही मे महिन्यात अशीच पट्ट्याने कापून पाचव्या नमुन्यात करायची, असं मी ठरवून टाकलं.

जत्रा झाली, पाहुणे गेले, आणि पाणी पुन्हा उतरायला लागलं. या वेळी नवा प्लंबर आला, पोरगेलासा. "नकाशो आसा?" त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर तो पुलाभोवती एक फेरी मारून आला. फिकट ठिगळापाशी थांबला, तिथून नव्या पट्ट्यापर्यंत पावलं टाकली, कोंबडीच्या ठशांपाशी बसून बघितलं.

"हंय पयल्यांदा फोडलेला, म्हणजे मेन लाइन हंयसून गेली. शावरची हंय वळली. ह्या कोपऱ्यात वायर आसा, थंय हात लावूचो नाय. म्हणजे गळता ता हंय."

त्याने एकच जागा फोडली, वीतभर. पाइप तिथेच होता, सांधाही तिथेच.

तो हात धूत होता तोवर मी घरात जाऊन पाचव्या कप्प्यातला नमुना घेऊन आलो, मिस्त्रींना द्यायला. प्लंबरने तो हातात घेऊन फिरवून पाहिला, दाताचा ठसा पाहिला आणि मला परत दिला.

"भाऊ, एक सांगू? ह्याच्यासारखो रंग लावू नकात. फुडल्या येळेक आमी खंय फोडूचा?"