केळवे रोडचा सिलेक्टर

शुक्रवार, 28 मार्च 2025. सकाळची डहाणू लोकल केळवे रोडला लागली. एका हातात माझा डबा आणि दुसऱ्या हातात कुणाची तरी छत्री, अशा अवस्थेत मी आत ढकलला गेलो आणि मानेमागून आवाज आला, "काढला लॉसनला!"

मला वाटलं, ग्रामपंचायतीतला कुणी शिपाई असेल. "पैसे खाल्ले?" मी विचारलं.

"खाल्ले असते तर एक वेळ चाललं असतं. मेलबर्नला क्वालिफायिंगमध्ये अठरावा, शांघायला विसावा. गाड्याच वीस असतात हो!" मग एक उसासा, आणि उसाशामागून ते वाक्य: "माणूस चांगला आहे. पण सीट त्याची नाही."

हा आमचा सिलेक्टर. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. तुमच्या आळीत, डब्यात, ऑफिसात असा एक आहेच. कुठे तो भारताचा विकेटकीपर बदलतो, कुठे अर्थमंत्री. आमच्या वाट्याला आलेला हा, फॉर्म्युला वनमधल्या रेड बुलची दुसरी गाडी कुणी चालवावी ते ठरवतो. पहिली गाडी वर्स्टापेनची, तिला हात लावायचा नाही. दुसरीवर मात्र गेली कित्येक वर्षं कुणी टिकत नाही. इंग्लंडात मिल्टन कीन्सला या संघाचा कारखाना आहे. तिथे या माणसाचा सल्ला पोचत नसावा. केळव्यात मात्र तो न ऐकलेला माणूस उरलेला नाही.

पिंडदानाला बसलेला यजमान पूर्वजांची नावं घेतो, तशी तो काढलेल्यांची नावं घेतो. क्वियाट, 2016, चार शर्यतींत गेला. त्याच्या जागी आलेला अठरा वर्षांचा वर्स्टापेन बार्सिलोनाला पहिल्याच दिवशी जिंकला. गॅसली, 2019, बारा शर्यती. त्याच्या जागी आल्बन, तो 2020 अखेर. मग पेरेझ. हा 2023 ला जगात दुसरा आला. 2024 च्या जूनमध्ये त्याचा करार वाढवला आणि डिसेंबरात त्यालाच घरी पाठवलं. मग हा लॉसन, दोन शर्यती. "आमच्या सासूबाईंनी मोलकरणीसुद्धा याहून जास्त दिवस ठेवल्या," तो म्हणाला. सासूबाईंबद्दल मी त्याच्या तोंडून ऐकलेला हा एकमेव बरा शब्द.

गाडीत काय बिघडतं हेही तो सांगतो. म्हणजे सांगत नाही, माझ्यावर करून दाखवतो. माझे दोन्ही खांदे धरतो. "हे पुढचं टोक. वर्स्टापेनला हे तिखट लागतं. स्टिअरिंग जरा हललं की नाक वळलंच पाहिजे." मी वळतो. "आता मागची बाजू सुटते. त्याला चालतं, तो सावरतो. दुसऱ्याला नाही जमत." इथे माझी मागची बाजू सुटते आणि एका सफाळ्याच्या गृहस्थांच्या पायावर जाते. गेल्या वर्षभरात मी उभ्या उभ्या सुझुका, मोनाको आणि मोन्झा अशी तीन सर्किटं पुरी केली आहेत, तीही केळवे रोड ते विरारच्या दरम्यान.

आणि गंमत बघा. केळवे रोडला चढणाऱ्याला सीट मिळत नाही. डहाणू-वाणगावची मंडळी खिडक्या घेतात, उरलेलं बोईसर घेतं, पालघरला चौथी सीटसुद्धा संपते. 2013 साली लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून मी या माणसाला सकाळी बसलेला पाहिलेला नाही. साऱ्या जगाच्या सीटांचा निकाल हा लावतो, तो दांडीला लटकून.

त्या वर्षी सुझुकाची शर्यत 6 एप्रिलला आली. त्याच दिवशी रामनवमी. आपल्याकडे साडेदहाला सुरू होऊन शर्यत बाराच्या आत संपली. लॉसनच्या जागी बसवलेल्या सुनोदाची ती पहिली शर्यत, तीही त्याच्या मायदेशात. सिलेक्टर देवळातल्या खांबाला टेकून, उपरण्याच्या आत मोबाइल धरून बसला होता. कीर्तनकारबुवांना वाटलं, माणूस तल्लीन झाला आहे. बाराला जन्म झाला, गुलाल उधळला, आणि हा सुंठवडा वाटायला उठला. प्रत्येकाच्या तळहातावर एक चिमूट सुंठवडा आणि निकाल: "वर्स्टापेन पहिला, सुनोदा बारावा." शेजारच्या काकूंना कमी ऐकू येतं. त्यांनी सुंठवडा तसाच हातात धरून विचारलं, "कुणाचं बारावं रे?"

मे महिन्यात याहून वाईट झालं. 17 तारखेला, शनिवारी, पालघरला एका हॉलमध्ये लग्न होतं. गोरज मुहूर्त नेहमीप्रमाणे अर्धा तास उशिरा निघाला आणि नेमका इटलीतल्या इमोलाच्या क्वालिफायिंगवर येऊन पडला. सुनोदाची गाडी तिथे पहिल्याच सत्रात आदळून उलटली. तो पोरगा धडधाकट बाहेर आला, ही देवाची कृपा. इकडे भटजींनी शेवटचं "सावधान" म्हटलं, अंतरपाट खाली गेला, वाजंत्री वाजायला अजून एक क्षण होता, आणि त्या एका क्षणाच्या शांततेत वधूपक्षाकडच्या तिसऱ्या रांगेतून स्वच्छ आवाज आला: "मुलगा चांगला आहे हो. पण सीट त्याची नाही."

मुलीचे वडील अजून त्याच्याशी बोलत नाहीत. मुलाचे वडील मात्र भेटले की बाजूला घेऊन विचारतात, "तुम्हाला तेव्हा काय दिसलं होतं?"

अंत्ययात्रेतही त्यानं एकदा पुढचा डावा खांदेकरी बदलला होता, उंची जमत नाही म्हणून. ते बरोबरच होतं, पण सांगायची पद्धत असते.

आता माझा राग कशावरून, ते सांगून टाकतो. आमच्या आळीच्या उत्सवाचा मी खजिनदार होतो. एका सभेत या गृहस्थानं उभं राहून, माझ्याकडे न बघता, ते वाक्य माझ्यावर म्हटलं. मी गेलो. मला पेरेझइतकाही वेळ मिळाला नाही. माझ्या जागी आलेला पोरगा बँकेत नोकरीला, दहा बोटांनी टाइप करणारा. तो आठ महिन्यांत गेला. त्याच्यानंतरच्या बाईंना हिशेब तोंडपाठ, त्याही गेल्या. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की जमाखर्चाच्या वहीत फार पूर्वीचा एक घोळ आहे, आणि जो कुणी त्या खुर्चीवर बसेल त्याच्या नावावर तो येतो. खजिनदार बदलता येतो, वही बदलायची कुणी नाव काढत नाही.

हे मी त्याला गाडीत ऐकवलं. जरा झणझणीतच ऐकवलं. मला वाटलं, खजील होईल. तो म्हणाला, "मग मी काय म्हणत होतो इतकी वर्षं? माणूस चांगला आहे असंच म्हणत होतो ना? गॅसलीला काढला, त्याच वर्षी ब्राझीलला टोरो रोसोच्या गाडीत दुसरा आला. पुढच्या वर्षी मोन्झाला जिंकला! आल्बन विल्यम्समध्ये जाऊन सुखी झाला. वाईट कोण होतं त्यात?" सफाळे गेलं, वैतरणा गेली, मला उत्तर सुचलं नाही. बारा वर्षं मी ते वाक्य शिवी म्हणून ऐकत होतो. तो ते प्रशस्तिपत्र म्हणून देत होता.

तरी हा माणूस असह्य आहे, हे माझं मत कायम आहे.

9 जुलैला रेड बुलनं ख्रिश्चन हॉर्नरलाच काढला. 2005 पासून, म्हणजे संघ जन्मल्यापासून, वीस वर्षं हाच माणूस बाकीच्यांना काढत होता. दुसऱ्या दिवशी गुरुपौर्णिमा. सिलेक्टर गाडीत आला तो गप्प. विरार येईपर्यंत एक शब्द नाही, माझ्या खांद्यांना हात नाही. उतरताना एवढंच म्हणाला, "काढणाऱ्यालाही काढतात, नाही?" त्या दिवशी वाक्य पुरं झालं नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं, हे मी घरी सांगितलं नाही.

असाच एक हळवा कोपरा जेहान दारूवालाचा. मुंबईचा पोरगा. 2020 ते 2022 रेड बुलच्या कनिष्ठ चालकांत होता, फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकला. त्या दिवसांत सिलेक्टर विरारच्या पुलावर कुणालाही थांबवून सांगायचा, "एक पायरी राहिली." ती पायरी राहिलीच. नारायण कार्तिकेयनचंही त्याला तसंच लागलेलं आहे: 2011 साली एचआरटी संघात भर मोसमात नारायणच्या सीटवर रेड बुलचा रिकार्डो आणून बसवला, तो दिवस त्याच्या पंचांगात अमावास्येसारखा आहे. मी एकदा डिवचलं, "समजा दारूवाला बसला असता त्या दुसऱ्या गाडीत. आणि मागे पडला असता. तुम्ही किती शर्यतींत काढला असता?" तो बराच वेळ खाडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चार तरी दिल्या असत्या."

डिसेंबरच्या दोन तारखेला सुनोदाही गेला. पुढच्या मोसमाला इसाक हाजार. सिलेक्टर गंभीरपणे म्हणाला, "आता हजार." मी म्हटलं, "इतके बदलून झाले?" विनोद त्याला कळला नाही. डब्यात हसले ते मीच.

त्याच आठवड्यात सत्यनारायणासाठी विड्याची पानं हवी होती म्हणून त्याच्या वाडीत गेलो. वाडी म्हणजे पानवेली, केळी, कडेला नारळ, आणि एक छोटा टेम्पो. टेम्पो मामा चालवतात. मामा कुणाचेच मामा नाहीत. सिलेक्टरच्या वडिलांच्या बैलगाडीवर ते पोरवयात लागले आणि बैल गेल्यावर टेम्पोवर आले. आता सत्तरीला टेकलेत. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला आहे, दुसऱ्याचा "पिकतोय". मामा पालघरच्या बाजाराला निघाले की सायकलवाली पोरं त्यांना मागे टाकतात आणि पुढे जाऊन टाटा करतात.

पानांच्या टोपल्या चढल्या. मामांनी टेम्पो मागे घेतला. फाटकाशी एक जुना माड आहे. सिलेक्टर हात करत होता, "मामा, डावीकडे. अजून डावीकडे. मामा... राहू दे." धप्प! वरून एक सुकलेली झावळी खाली आली. माडाच्या बुंध्यावर कमरेच्या उंचीला एक खळगा पडलेला होता, गुळगुळीत. तो एका दिवसाचा नव्हता.

मी वाट बघत उभा राहिलो. लॉसनला दोन शर्यती देणारा माणूस आता काय बोलतो, ते मला ऐकायचं होतं. बारा वर्षांचा हिशेब होता तो.

मामा खाली उतरले, फुटलेला लाल दिवा चाचपून पाहिला आणि काही न बोलता पुन्हा जागेवर जाऊन बसले. सिलेक्टरनं मामांकडे पाहिलं. मग माडाकडे. मग कंबरेवर हात ठेवून फाटकाकडे बराच वेळ.

"फाटक चांगलं आहे," तो मला म्हणाला, "पण जागा त्याची नाही."

संक्रांतीच्या आत गवंडी लावून त्यानं फाटक पाच हात दक्षिणेला सरकवलं. टेम्पो मामाच चालवतात.